विहिरीचं नाव आधी की उंची आधी? जीपीएक्स फाईल पास होत नाही, मदत पाहिजे

धुऱ्यावरचा (सोमवार, रात्री १०:४०)

राम राम मंडळी. वरूडपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. आमच्या शेतकरी गटात ३७ संत्राबागा आहेत. ज्यांना माल द्यायचं चाललंय त्यांना प्रत्येक बागेची विहीर आणि धुऱ्याची हद्द नकाशावर पाहिजे. दोन महिने मोबाईल घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरलो, रीडिंग वहीत लिहिलं, वहीतून एक्सेलमधे चढवलं आणि व्हिडिओ पाहून शिकलेल्या पायथननं जीपीएक्स फाईल काढली (नकाशावरच्या जागा एक्सएमएलमधे, म्हणजे टॅग लावून, लिहायची फाईल). आधी फक्त विहिरींची. मोबाईलच्या नकाशात झकास उघडते, सगळ्या विहिरी जागच्या जागी. पण त्यांच्या पोर्टलवर चढवली की 'स्कीमानुसार नाही' म्हणून परत.

मग एक्सएमएललिंट (फाईल तपासणारा प्रोग्रॅम) उतरवलं, स्कीमा (फाईलमधे काय कुठं यायचं त्याची नियमावली) उतरवली आणि घरीच तपासलं. ३७ विहिरी, ३७ एरर, सगळे एकाच साच्याचे. (इथं देवनागरीशिवाय टाकता येत नाही, म्हणून टॅगही तसेच लिहितो.)

ओळ ९ : एलिमेंट 'इले' : धिस एलिमेंट इज नॉट एक्सपेक्टेड. एक्सपेक्टेड इज वन ऑफ (सीएमटी, डेस्क, एसआरसी, लिंक, सिम...

माझ्या प्रत्येक विहिरीखाली आधी 'नेम' म्हणजे शेतकऱ्याचं नाव, मग 'इले' म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, मग 'टाइम'. 'इले' चालत नाही म्हणतो म्हणून उंची काढून टाकली, तर 'टाइम'वर बोंबलला. टाइम काढला तर पास! पण उंची त्यांना पाहिजेच आहे. जीपीएक्समधे उंची लिहायला बंदी आहे का? तीन रात्री गेल्या माझ्या.

झडतीवाला (१०:५२)

उंची चालत नसन तर खोली लिही ना भाऊ. विहीरच आहे.

पऱ्हाटी (११:०५)

एन्कोडिंग बघितलं का? शेतकऱ्यांची नावं मराठीत असतील तर फाईल युटीएफ-८ मध्येच सेव्ह झाली पाहिजे. माझा निम्मा त्रास नेहमी तिथंच असतो.

धुऱ्यावरचा (११:११)

पाहिलं ताई, युटीएफ-८ च आहे. नावं इंग्रजीत टाकून पाहिली तरी तेच येतं.

मृगबहार (११:४८)

भाऊ, उंचीला बंदी नाही. नावाच्या *नंतर* उंची यायला बंदी आहे.

जीपीएक्स १.१ च्या स्कीमात बिंदूखाली कोण कोणाच्या मागे उभं राहणार हे ठरलेलं आहे: इले, टाइम, मॅगव्हार, जिऑइडहाइट, नेम, सीएमटी, डेस्क, एसआरसी, लिंक, सिम, टाइप, मग उपग्रह आणि अचूकतेची मंडळी आणि अगदी शेवटी एक्स्टेन्शन्स. यातला प्रत्येक जण ऐच्छिक आहे, पण आला तर त्यानं आपल्याच जागी यायचं. स्कीमा फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'डब्ल्यूपीटीटाइप' (बिंदूचे नियम) शोधा. सिक्वेन्सच्या शेजारी टीपच लिहिलेली आहे की घटक याच क्रमानं आले पाहिजेत.

आता तुमच्या तीन रात्री का गेल्या ते. तपासणारा यादीवर बोट ठेवून फाईल वरून खाली वाचत येतो. त्याला पहिलंच 'नेम' दिसलं. यादीत त्याच्या आधीचे चौघं ऐच्छिक, म्हणून त्यानं धरून चाललं की या माणसाला उंची-वेळ द्यायचीच नाही. 'नेम' मान्य, बोट 'नेम'च्या पुढे. तेवढ्यात 'इले' येतं. बोट मागे सरकत नाही, म्हणून तो 'इले'वर ओरडतो. घुसला 'नेम' आणि बोलणी खाल्ली 'इले'नं.

असा एरर आला की ज्याचं नाव घेतलंय त्याच्याकडे नंतर बघा, आधी कंसातली यादी वाचा. तुमची यादी 'सीएमटी'पासून सुरू होते. म्हणजे 'नेम' आधीच होऊन गेलंय. तेवढ्यावरून कळतं की कोण लवकर आलं.

झडतीवाला (मंगळवार, सकाळी ६:२०)

हे त आमच्या गावच्या पोळ्यावानी झालं. तोरनाखालून मानाची जोडी पह्यले जायची. एका साली मानाच्या जोडीचे शिंगं रंगवता रंगवता उशीर झाला, आन एक पोट्टा आपले बैल घेऊन सरळ तोरनाखालून निंगून गेला. कोनी आडवलं नाई. मानाची जोडी मांगून आली तवा लोकं तिच्यावरच बोंबलले, आता काहून आले बे!

पऱ्हाटी (६:४५)

मग काय झालं?

झडतीवाला (६:४७)

काय होते, दोन सालं गावात दोन पोळे भरले.

जेसनवाला (९:३०)

माफ करा, पण हे कशासाठी सहन करायचं? जेसनमध्ये (डेटा लिहायचा दुसरा साचा) नाव आधी द्या, उंची आधी द्या, कोणी विचारत नाही. आयकराचं विवरणसुद्धा आकारणी वर्ष २०२१-२२ पासून एक्सएमएल सोडून जेसनवर गेलं. उंची ही उंचीच आहे, ती दुसऱ्या ओळीत असली काय आणि पाचव्या ओळीत असली काय. ज्यानं हा क्रमाचा हट्ट धरला त्यानं आयुष्यात हातानं एक फाईल लिहिली नसेल.

वर्धेकर (९:५५)

जेसनवाले, त्यांना जीपीएक्स मागितलंय. सोसायटीनं सातबारा मागितला तर तुम्ही रेशनकार्ड नेऊन दाखवता का?

पण क्रमानं मलाही एकदा खाल्लंय, म्हणून लिहितो. मी गावी बसून युरोपातल्या एका गिऱ्हाइकासाठी बँकेच्या पेमेंट फाईल बनवतो, आयएसओ २०२२२ नव्हे, २००२२ वाल्या. (दर वेळी हा आकडा चुकतो माझा.) त्यात पत्त्याच्या खाली आधी रस्त्याचं नाव, मग घर नंबर, मग पिनकोड, *मग* गाव. आपण लिफाफ्यावर काय लिहितो? मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन. मी फॉर्म आपल्या सवयीनं बनवला आणि फॉर्मच्या क्रमानंच एक्सएमएल ओतलं. पत्त्यात पिन नसलेले सगळे पास, पिन असलेले सगळे नापास. दोन दिवस मी पिनकोडच्या आकड्यांत खोट शोधत होतो. पाच आकडी, सहा आकडी, मधली स्पेस. आकडे ठीकच होते, पिन फक्त गावाच्या मागून येत होता.

कारंजा_लाड (१०:२०)

तुम्हाला एरर तरी आला, नशीब समजा.

आमच्याकडे जुनी डॉटनेटची सर्व्हिस आहे, डेटा कॉन्ट्रॅक्टवाली. तिथं क्रम सांगितला नाही तर ती फील्ड इंग्रजी अक्षरक्रमानं लावते, आणि वर्ग दुसऱ्या वर्गावरून काढलेला असेल तर बापाची फील्ड आधी. आमच्या एका पोरानं 'मोबाईल' या फील्डचं नाव बदलून 'कॉन्टॅक्ट' केलं. एवढंच केलं. एम वरून सी वर गेल्यामुळे त्याची जागा बदलली. समोरचा माणूस जुन्याच क्रमानं हातानं एक्सएमएल पाठवत होता. वाचणाऱ्यानं क्रमाबाहेरचं फील्ड मुकाट्यानं सोडून दिलं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, नंबर फक्त रिकामे. महिनाभरानं कळलं, तेही कोणाला एसएमएस गेला नाही म्हणून. तेव्हापासून प्रत्येक फील्डला क्रमांक हातानं देतो. जावावाल्यांकडे यासाठी 'प्रॉपऑर्डर' आहे.

जेसनवाला (१०:३१)

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. स्कीमात 'ऑल' नावाची सोय आहे ना, कुठल्याही क्रमानं चालवून घेणारी? ती का नाही वापरली?

मृगबहार (दुपारी १:१५)

शाळेची मधली सुट्टी आहे, तेवढ्यात लिहिते.

प्रश्न चांगला आहे. एक्सएमएलच्या आधी एसजीएमएल होतं. त्यात 'आणि'ची खूण टाकून 'हे सगळे, पण कुठल्याही क्रमानं' असं सांगता यायचं. १९९८ मध्ये एक्सएमएल १.० आलं तेव्हा ती सोय गाळली. तपासणारा प्रोग्रॅम सोपा राहावा हा हेतू. मग मे २००१ मध्ये एक्सएसडी १.० (स्कीमा लिहायची भाषा) आलं आणि 'ऑल' परत मिळालं, पण लंगडं. त्यातला प्रत्येक घटक जास्तीत जास्त एकदाच येऊ शकतो, आणि 'ऑल'ला दुसऱ्या गटाच्या आत बसवता येत नाही.

जीपीएक्स १.१ हे २००४ चं. त्यात एका बिंदूला 'लिंक' कितीही देता येतात. म्हणजे त्या काळच्या 'ऑल'मध्ये तो बिंदू बसलाच नसता. एकाहून जास्त वेळा येणारे घटक 'ऑल'मध्ये चालायला एक्सएसडी १.१ यावं लागलं, ते एप्रिल २०१२ मध्ये. धुऱ्यावरच्या भाऊंनी उतरवलेलं एक्सएमएललिंट आजही १.० वरच चालतं.

तिसरा रस्ता 'चॉइस'ला ('यातलं कुठलंही एक') अमर्याद वेळा येऊ देण्याचा. क्रम सुटतो, पण मग एका विहिरीला दोन नावं आणि तीन उंच्या दिल्या तरी फाईल पास. तुम्हाला ते चालेल का?

जेसनवाला (१:२२)

विहिरीच्या मालकीचा वाद असेल तर दोन नावं बरोबरच आहेत. असो. पटलं, पण आवडलं नाही.

पऱ्हाटी (२:०५)

क्रमावरून आठवलं. लॅट (अक्षांश) आधी की लॉन (रेखांश) आधी यावरही फाईल नापास होते का?

वर्धेकर (२:१२)

जीपीएक्समध्ये ते टॅगच्या आतले अॅट्रिब्यूट आहेत, आणि अॅट्रिब्यूटला क्रम नसतो. कोणतंही आधी लिहा. केएमएलमध्ये (नकाशाच्या फाईलचा दुसरा प्रकार) मात्र सांभाळा. तिथं 'कोऑर्डिनेट्स'च्या पोटात स्वल्पविराम देऊन नुसते आकडे असतात, आधी लॉन, मग लॅट. त्यात स्कीमा काही करू शकत नाही, तिच्या लेखी दोन्ही आकडेच.

पऱ्हाटी (२:२०)

म्हणजे मी तेच केलं होतं तर! गेल्या साली आमच्या पऱ्हाटीच्या शेताचं केएमएल केलं. आमच्याकडे वीस अंश उत्तर, अठ्ठ्याहत्तर अंश पूर्व. उलटे टाकले. नकाशा उघडला तर सगळं पांढरं. मला वाटलं नेट गेलं. झूम मागे घेतला तर शेत स्वालबार्डला, नॉर्वेच्याही वर, पांढऱ्या अस्वलांत.

झडतीवाला (२:२४)

तिथं रानडुकराचा तरास नसन पन.

कारंजा_लाड (२:३१)

बोंडअळी तर नक्कीच नसेल. ताई, शेत राहू द्या तिथंच.

धुऱ्यावरचा (रात्री ९:१०)

मृगबहार ताई, पाया पडतो. इले, टाइम, नेम असं लावलं, ३७ चे ३७ एरर गेले! मग हुशारी सुचली. त्या क्रमाची पायथनमधे एकच यादी केली आणि एक फंक्शन लिहिलं, की कोणताही टॅग घे, त्याची पोरं या यादीतल्या नंबरानं सॉर्ट कर. आता क्रमाची कटकट कायमची संपली म्हटलं आणि पूर्ण फाईल काढली, विहिरी आणि हद्दी दोन्ही.

नवे दोन एरर. एक वरच, 'मेटाडेटा'मधे, जिथं काल काहीच नव्हतं. फाईलचं नाव आणि तारीख तिथं मी हातानं लिहिली होती, ती कालपर्यंत पास होती. आता म्हणतो 'नेम' इज नॉट एक्सपेक्टेड. दुसरा एरर खाली, दुसऱ्याच शेतकऱ्याच्या विहिरीवर: 'डब्ल्यूपीटी' इज नॉट एक्सपेक्टेड, एक्सपेक्टेड इज वन ऑफ (टीआरके, एक्स्टेन्शन्स). माझ्या फाईलमधे डब्ल्यूपीटी म्हणजे विहीर, टीआरके म्हणजे हद्द. पहिल्या शेतकऱ्याची विहीर चालते, दुसऱ्याची नाही. हा काय भेदभाव?

मृगबहार (९:४०)

पहिला तुमच्या हुशारीचा आहे. बिंदूमध्ये 'टाइम' आधी आणि 'नेम' नंतर. 'मेटाडेटा'मध्ये नेमकं उलट: नेम, डेस्क, ऑथर, कॉपीराइट, लिंक, आणि मग टाइम. एकाच स्कीमात. तुमच्या फंक्शननं चांगलं लावलेलं विस्कटलं. यादी एक नको, बापागणिक वेगळी हवी. अजून एक खड्डा: एक्स्टेन्शन्स नेहमी शेवटी असं समजू नका. 'टीआरके'मध्ये ते 'टीआरकेसेग'च्या (हद्दीचे बिंदू ज्यात असतात त्या टॅगच्या) आधी येतात. आणि 'टीआरकेसेग'च्या आतल्या बिंदूंना तर हातच लावू नका, ते ज्या क्रमानं चाललात त्याच क्रमात राहिले पाहिजेत, नाहीतर हद्दीची जाळी होईल.

दुसरा समजायला तुमचा लूप बघावा लागेल. एका शेतकऱ्याची विहीर लिहिता, लगेच त्याची हद्द लिहिता, मग पुढचा शेतकरी. बरोबर?

धुऱ्यावरचा (९:४४)

हो. वहीत तसंच आहे. एका पानावर एक माणूस.

मृगबहार (९:५८)

वही माणसागणिक आहे, जीपीएक्स तशी नाही. सर्वात वरच्या टॅगखाली क्रम असा: मेटाडेटा, मग *सगळे* डब्ल्यूपीटी, मग सगळे रूट, मग सगळे ट्रॅक, शेवटी एक्स्टेन्शन्स. पहिल्या शेतकऱ्याची हद्द आली की विहिरींचं दार बंद झालं. कंसात बघा, फक्त टीआरके आणि एक्स्टेन्शन्स उरलेत.

लूप दोन करा. पहिल्यात ३७ विहिरी, दुसऱ्यात ३७ हद्दी. आणि एरर एकच दिसला म्हणून चूक एकच समजू नका. एका बापाखाली क्रम बिघडला की बऱ्याचदा तो त्याची पुढची पोरं तपासायचं सोडून देतो. एक दुरुस्त करा, परत चालवा.

धुऱ्यावरचा (१०:०५)

पण मग माणूस तुटला ना ताई. विहीर कुठं, हद्द कुठं. कोणाची कोणती हे कसं कळणार?

वर्धेकर (१०:१८)

दोन्हीच्या 'नेम'मध्ये गट नंबर घाला. विहिरीला 'गट ११२ विहीर', हद्दीला 'गट ११२ हद्द'. नावावर जाऊ नका, एकाच आडनावाचे सात निघतात गावात. वाचणारा गट नंबरानं जोडून घेईल. किंवा शेतकऱ्यागणिक वेगळी फाईल.

हाच मेसेज क्रम बरोबर असतानाही येतो, तेही सांगून ठेवतो. कंसात तुम्ही दिलेलंच नाव 'पाहिजे' म्हणून दिसलं, तर नेमस्पेस बघा. एकाच्या मागे महिरपी कंसात लांब पत्ता असेल, दुसऱ्याच्या मागे नसेल. नाव एक, घराणं वेगळं. आणि एखादा टॅग स्कीमात मुळात नसेल तरी हीच ओळ येते. जुन्या जीपीएक्स १.० मध्ये ट्रॅकच्या बिंदूला 'स्पीड' होतं, १.१ मध्ये काढलं. ते कुठंही सरकवा, पास होणार नाही. म्हणून हलवाहलवीच्या आधी स्कीमात तो शब्द शोधायचा. सापडला तर क्रम, नाही सापडला तर टॅगच काढा.

जेसनवाला (१०:२५)

मी काही बोलत नाही.

झडतीवाला (१०:२६)

बोल ना बे, करमत नाई.

धुऱ्यावरचा (बुधवार, सकाळी ७:३५)

रात्री एक वाजेपर्यंत बसलो. मधे लाईन गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर शेवटचं चालवलं. मेटाडेटाला, डब्ल्यूपीटीला आणि टीआरकेला वेगळ्या याद्या, लूप दोन, नावात गट नंबर. एक्सएमएललिंटनं एकच ओळ दिली: फाईलचं नाव आणि पुढे 'व्हॅलिडेट्स'. सकाळी पोर्टलवर चढवली, घेतली.

बाबांना दाखवली. त्यांनी बोटानं नकाशा सरकवत सरकवत आमचीच विहीर शोधली आणि म्हणाले, ही धुऱ्याच्या अल्याड दाखवते, आपली पल्याड आहे. पाहिलं तर खरंच. त्या दिवशी ऊन होतं, मी आंब्याच्या सावलीत उभं राहून रीडिंग घेतलं होतं. आज परत जातो.

वर्धेकर (७:५०)

हे मात्र कोणत्याच स्कीमात सापडलं नसतं. जा, आणि वहीत तारीख बदल.

झडतीवाला (८:०२)

पऱ्हाटी ताई, त्या स्वालबार्डच्या शेताचा सातबारा निंगते काय?

पऱ्हाटी (८:१०)

निघतो म्हणाले तलाठी. आधी नाव, मग उंची लिहून अर्ज द्या म्हणाले.